आबांनी सोडलेली जागा

गायरानात पाऊल टाकण्याआधी आबा विचारायचे. बांधापाशी थांबायचे, चपला काढून हातात घ्यायचे आणि समोरच्या मोकळ्या माळाला अगदी साध्या आवाजात म्हणायचे, "येऊ का?" मग मान जराशी कलती करून, उजवा कान पुढे काढून उभे राहायचे. उत्तर आल्याशिवाय हलायचे नाहीत. मागे शेळ्या घेऊन आलेल्या बायका ताटकळायच्या. वैशाखाचं ऊन, पाय भाजताहेत, शेळ्या दावं ओढताहेत. कुणीतरी वैतागून विचारायची, "काय म्हनतस ते, आबा?"

"थांब थोडं. जेवी ऱ्हायनात."

मोकळ्या माळावर कोण जेवतंय म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण आबांना मागे टाकून कुणी बांध ओलांडल्याचं मी कधी पाहिलं नाही. थोड्या वेळानं आबा मान हलवायचे, पुढे व्हायचे, आणि मग सगळ्या त्यांच्या मागून. माळावर एक मोठं निंबाचं झाड होतं, चार बाभळी होत्या, आणि बाकी गवत. दुसरं काही नव्हतं. म्हणजे मला तरी दिसत नव्हतं.

आमचं गाव धुळं आणि जळगाव यांच्या मधलं. बाजाराला अमळनेर, दवाखान्याला धुळं. कपाशी, ज्वारी, विहिरीला पाणी असेल तर कांदा. आबा माझ्या नात्यातले नव्हते. गावातल्या सगळ्या सुनांचे ते सासरे, तसे माझेही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, पुतण्यांकडे दोन वेळचं जेवण. उंच, वाळलेले, टोपी घामानं पिवळी पडलेली. बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे बघायचे, जणू तिथे आणखी कुणी उभं आहे आणि त्यालाही ऐकू जायला हवं. नव्या सुना या सवयीला भ्यायच्या. मीही भ्यायले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून वळून बघायचे.

त्यांची एक गोष्ट होती. ती ते नेहमी त्याच शब्दांत सांगत. फार मागे गावात मरी आली. घरंच्या घरं बसली. गावाच्या उगवतीकडची वावरं पडून राहिली, कारण पेरायला माणूसच उरला नाही. दुसऱ्या कुणी नांगर घालायला धजेना. मग उरलेलं गाव एकत्र बसलं आणि ठरवलं, की ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांचं वावर कुणा एकाचं करायचं नाही. तिथे गुरं चरतील, म्हणजे ते सगळ्यांचं होईल. तेच हे गायरान. "मालक गयेल नहीत," आबा म्हणायचे, "फक्त वारस नहीत त्यासले. आपन त्यासना घर मा पाव्हना."

खरं की खोटं, मला माहीत नाही. सरकारदरबारी ती गुरचरण जमीन, ग्रामपंचायतीकडे सांभाळायला दिलेली. एवढंच.

ग्रामसभेत आबा सतरंजीच्या एका टोकाला बसत आणि शेजारी चांगली दोन-तीन माणसं मावतील एवढी जागा सोडत. रेशनच्या रांगेतही पुढे जागा सोडून उभे राहत. मागचे ओरडत, "ओ आबा, सरका ना पुढे!" आबा म्हणत, "सरकू कोठे भाऊ, हाई बाई सरकी तवय मी सरकसू ना." रांगेत पुढे बाई नसे. मतदानाच्या दिवशी शाळेसमोर हाच प्रकार. केंद्रावरच्या शिक्षकानं विचारलं, "आजोबा, पुढे या की, कोणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "मानूस मरना म्हणजे तुमनी यादीमधून गया, गुरुजी. गावमधून कोठे जाई?"

आमचे हे, म्हणजे माझे मालक, तेव्हा तरुण आणि चेष्टेखोर. एका ग्रामसभेत ते मुद्दाम आबांनी सोडलेल्या जागेवर जाऊन बसले. मी बायकांच्या बाजूला होते, सगळं ऐकलं.

"ऊठ रे भाऊ," आबा म्हणाले. "तू कोन्हा मांडीवर बठेल शे, तुले माहीत शे का?"

"बाप्यानी मांडी शे का बाईनी, आबा?" ह्यांनी विचारलं. सभा खदखदली.

"म्हातारी शे. तुन्ही आजीपेक्षा म्हातारी. तिले तुन्हं वजन झेपाव नही."

हे हसत हसत उठले, हात जोडून "माफ कर व माय" असं त्या रिकाम्या जागेला म्हणाले, आणखी हशा पिकवला. घरी आल्यावर मात्र आधी पँट बदलली. का, ते मी विचारलं नाही, आमच्यात तसं विचारायची पद्धत नव्हती. धुवायला मीच घेतली. मळलेली नव्हती, ओली नव्हती. पण मागून गार होती. मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली वाळत घातलेली कापडं हाताला चटके देत असताना, ती पँट माठाच्या बुडासारखी गार होती. मी ती बादलीत टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. न सांगणं मला लहानपणापासून चांगलं जमतं.

अखाजीचं मात्र सांगायला हवं. आमच्या खान्देशात अक्षय्यतृतीयेला घरोघर मातीची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकून आगारी देतात. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधतात. आमच्या गावातले झोके गायरानातल्या निंबाला.

माझी आई लवकर गेली, त्यामुळे मला अखाजीला माहेर नव्हतं. मी सासरीच असायची. पहिल्या वर्षी शेजारच्या पोरी मला ओढून गायरानात घेऊन गेल्या. झोक्यावर बसले, पोरींनी दिला ढकलून, आणि पदर डोक्यावरून गेला. मी घाबरून दोर सोडायच्या बेतात होते. एक पोर ओरडली, "ऱ्हाऊ द्या वहिनी! अठे कोन्ही सासरा नही!" आमच्या गावात सुनेचा पदर नाकापर्यंत. घरात, गल्लीत, पाणवठ्यावर, सगळीकडे. ऊन माझ्या तोंडावर पडलं ते फक्त गायरानात. वर्षातून एकदा. गावाचं आकाश मी तिथून पाहिलं.

त्याच दुपारी आबा घागर घेऊन आले. त्यांच्या घरची नव्हे. "गावनी घागर," ते म्हणायचे. ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, त्यांच्यासाठी. निंबाच्या बुडाशी घागर टेकवली, खरबूज ठेवलं, आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाले, "प्या." आम्ही झोके थांबवले होते. घागर नवी होती, नव्या मातीतून पाणी पाझरतं, हे मलाही कळतं. तरी घागरीच्या भोवती माती कोरडी होती, आणि आम्ही निघालो तेव्हा घागर रिकामी होती.

आता पुढचं.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा ह्यांनी मला उभं केलं. निवडून आले. गावात कुणाला आश्चर्य वाटलं नाही आणि कुणी मला काही विचारलंही नाही. सह्या कुठे करायच्या ते ग्रामसेवक भाऊसाहेब बोट ठेवून दाखवायचे. सभेत मात्र खुर्चीवर मलाच बसावं लागे, आणि खाली सतरंजीवर गावातले सगळे सासरे. सुनेनं वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. सरपंच झाली तरी नाही. त्यांच्यापेक्षा उंच बसायची लाज वाटे म्हणून मी पदर आणखी खाली ओढायची. पदराच्या काठाखालून मला फक्त खालचं दिसे. सतरंजीचे लाल-निळे पट्टे, मांडी घातलेले गुडघे, गुडघ्यांवरचे हात. मी गाव गुडघ्यांवरून ओळखायची. खाकी विजारीतला जाडा गुडघा उपसरपंचाचा. सतत हलणारा गुडघा किराणावाल्याचा. धोतरातून वर आलेली दोन हाडं आबांची, आणि त्यांच्या शेजारी पट्टे, नुसते पट्टे.

सोलरवाल्या कंपनीला जमीन हवी होती. गायरानाची. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. गावाला विचारलं असतं तर गाव नाही म्हणालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेळ्यावाल्या बायका होत्या, नदीवर जायची वाट त्यातूनच होती. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून भाऊसाहेबांनी ह्यांना मार्ग सांगितला. मी चहा गाळत होते.

"एक मेची सभा लावू. यंदा अखाजी लागूनच आहे. निम्म्या बाया माहेरी, निम्म्या पुरणात. पुरुष पत्त्यांवर. कोरम भरणारच नाही."

"मग?"

"मग मॅडम सांगतील, कोरमअभावी सभा तहकूब. तहकूब झालेली सभा परत घेतली की तिला कोरम लागत नाही. असतील तेवढ्यांनी हात वर करायचे. कायद्यातच आहे."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "जमेल ना तुला तेवढं म्हणायला?"

मी ते वाक्य भाकरी थापताना घोकलं. कोरमअभावी सभा तहकूब. थापण्याच्या तालावर ते चांगलं बसत होतं. गायरान जाणार हे मला कळत नव्हतं असं नाही. झोका आठवला. मग तवा तापला.

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं, पोरं बिस्किटं घेऊन पळाली, आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात आम्ही बसलो. मी, भाऊसाहेब, शिपाई, हे, ह्यांचे चार मित्र, कंपनीकडून आलेला एक गृहस्थ. वडाखालून पत्त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. तेवढ्यात आबा आले. पण आत येईनात. दार उघडून, दाराला पाठ लावून बाजूला उभे राहिले.

"या. या. पुढे सरका. भित्तकडे जागा शे."

असं बराच वेळ चाललं. आम्ही उघड्या दारातून येणाऱ्या उन्हाकडे बघत बसलो.

"आबा, दार लावा," हे म्हणाले. "झळ येस आत."

"थांब ना भाऊ. म्हातारी मानसं शेतस, पाय उचलत नही त्यासना."

कंपनीचा माणूस हसला. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "बठ्ठं गाव लई उनात काय आबा?"

"गावना मालक लई उनू," म्हणजे मालकांना घेऊन आलोय, असं आबा म्हणाले, आणि सगळ्यात शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ, पाय दुमडून कसेबसे बसले. एरवी जागा सोडणारा माणूस, त्या दिवशी अंग चोरून बसला होता.

"मॅडम, कोरम बघून घ्या," भाऊसाहेब म्हणाले.

"मोज माय," आबा म्हणाले. "नीट मोज."

मी खाली बघितलं. एका नजरेत संपणारं काम होतं. शिपायाची खाकी विजार, जीनची पँट, ह्यांचे गुडघे. बोटाची पेरं मोजत मी पुढे गेले. पुढे गुडघे होते. त्यांच्या मागे गुडघे होते. जाड्याभरड्या, धुवून विरलेल्या कापडातले. एक बाईमाणसाचा, त्यावर मनगटापर्यंत गोंदलेला हात. त्याच्या मांडीला टेकून एक अगदी लहान गुडघा, खरचटलेला. भेगाळलेल्या टाचा. राखेच्या रंगाची नखं. रांगेमागे रांग, एकमेकांना चिकटून, भिंतीपर्यंत, आणि भिंतीपाशी वळून दारापर्यंत. सगळे हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, काही घ्यायला बसावं तसे. सतरंजीचा एक पट्टा दिसत नव्हता. पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यानं त्या कापडांची टोकं हलत होती.

मी मोजत राहिले. भीती वाटली असं लिहायला हवं, पण त्या क्षणी वाटली नाही. मोजताना माणूस मोजण्यातच असतो. कोरमला लागतात तेवढी डोकी कधीच ओलांडली होती.

"किती, मॅडम?"

मी पदर वर केला. पहिल्यांदा, भर सभेत, कपाळापर्यंत. लाल-निळे पट्टे. हे मोबाइलमध्ये बघत होते. कंपनीचा माणूस मान पुसत होता. मोकळ्या सतरंजीच्या पार टोकाला, दाराशी, आबा अंग चोरून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. खांद्यामागे नाही. माझ्याकडे.

"कोरमअभावी सभा तहकूब," मी म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की उन्हाची तिरीप असेल, उपाशी पोट असेल. असेल. माझं म्हणणं एवढंच, की मी मोजलं तेव्हा सभा भरलेली होती आणि मी रिकामी सांगितली. डोळ्यांचा दोष असेल तर डोळ्यांचा, पण जीभ माझी होती. आणि 'भरली' म्हटलं असतं तर काय झालं असतं? कुणी मानलं नसतं. वाद झाला असता. वादाचा आवाज वडापर्यंत गेला असता, पत्ते टाकून माणसं आली असती, पिठाच्या हातानं बायका आल्या असत्या. खरंच गाव जमलं असतं. "थांबा, परत मोजते" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

आबांनी वाद घातला नाही. उठून त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा पाठ लावून उभे राहिले. आत येताना लागला होता त्याच्या दुप्पट वेळ बाहेर जायला लागला. कुणी हसलं नाही या वेळी, कंटाळले होते. शेवटी आबा माझ्या खुर्चीजवळ आले, वाकले, आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "तुन्हं बोट हालत व्हतं, माय. मी दखं."

अर्ध्या तासानं तहकूब सभा भरली. असलेल्यांनी हात वर केले. ठराव झाला.

निंब तोडला तेव्हा मी घरात होते. आवाज ऐकू आला. मग तारेचं कुंपण, फाटक, आणि त्यामागे काळ्या-निळ्या काचांच्या रांगा, सगळ्या सूर्याकडे तोंड करून. ह्यांच्या डंपरला तिथे काम मिळालं. शेळ्यावाल्या बायकांनी एकेक करून शेळ्या विकल्या. नदीवर जायला आता गावाला वळसा पडतो. कुणी मला बोललं नाही. मला बोलून काय उपयोग, असं वाटलं असेल.

आबा फाटकाशी जाऊन उभे राहत. चपला हातात. "येऊ का?" आतला वॉचमन बिहारकडचा होता, बिचारा म्हणायचा, "अंदर मना है, बाबा." आबा त्याला सांगत, "तुले नही विचारी ऱ्हायनू, भाऊ." मग कान पुढे काढून उभे. पण आता मान हलवून पुढे होण्याची वेळ येत नसे. एकदा त्याच वाटेनं मी शेतातून येत होते. गल्ली नव्हती, कुणी नव्हतं, म्हणून थांबले.

"काय म्हणतात, आबा?" मी विचारलं. सुनेनं विचारू नये असं.

"काहीच नही. तठे कोन्ही नही आते. काचवर कोठे बठतीन?"

"मग?"

त्यांनी माझ्या खांद्यामागे पाहिलं. "गावमा उनात. उन्हात हिंडतस बिचारा. माय, तुन्हा ओटा मोठा शे. बसू दे त्यासले."

मी म्हणाले, "बसू द्या."

दुसरं काय म्हणणार होते? पण त्या दिवसापासून आमच्या दारापुढच्या ओट्यावर कुत्रं झोपलं नाही. इतकी वर्षं दुपारी तिथेच पडायचं. आता गल्लीत तळतळत्या मातीवर पडतं आणि ओट्याकडे बघत राहतं. चिमण्यांना टाकलेले दाणे तसेच राहतात. आमचे हे जेवून तिथे टेकायचे, ते हळूहळू आत यायला लागले. "ओट्यावर झोप लागत नाही," म्हणाले. मग एकदा, पानात मीठ घेताना, माझ्याकडे न बघता, "दाटी वाटते तिथे." मी ओट्यावर पाण्याचा माठ ठेवला. झाडताना कडेकडेनं झाडते. हे वाचून ह्यांना राग येईल. येऊ दे.

आबा परवाच्या चैत्रात गेले. कुंपणाला टेकून बसलेले सापडले, भर दुपारी. वॉचमनला वाटलं झोपलेत. चपला शेजारी नीट ठेवलेल्या, आणि अंग एका बाजूला चोरलेलं, बाकड्यावर दुसऱ्याला जागा करून द्यावी तसं. पुतण्यांनी सगळं रीतीनं केलं. यंदाच्या अखाजीला त्यांच्या नावाची घागरही भरली. पण गावची घागर कुणी भरली नाही. कुणाला आठवलीच नाही.

दुपारी मी नवी घागर घेतली, खरबूज घेतलं, डोक्यावर पदर न घेता भर गल्लीतून गेले. बायका दारात येऊन बघत होत्या. फाटकाशी चपला काढल्या. माती अशी तापलेली की पाय ठरेना. "येऊ का?" मी म्हणाले. इतका परका वाटला माझा आवाज. कान पुढे काढला. काचांच्या रांगांमधून काहीतरी तडतडत होतं, उन्हानं धातू वाजतो तसं. उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. पण मला तिथे थांबवेना, म्हणून घागर उचलून परत आणली आणि ओट्यावर ठेवली. "प्या," म्हटलं. संध्याकाळी ती उचलली तेव्हा हाताला हलकी लागली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. गायरानाचा नदीकडचा तुकडा अजून उरला आहे. पलीकडच्या वस्तीची गुरं तिथे चरतात, आणि आता नदीवर जायची वाट तेवढीच. कंपनीला तोही हवा. तारीख तीच, एक मे, अखाजीच्या शिळ्या पुरणातली, पत्ते अजून संपायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, मी ते तहकुबीचं वाक्य ओळखते.

नवी सरपंच आमच्याच भावकीतली सून. शिकलेली, पंजाबी ड्रेस घालते, ओढणी खांद्यावर. लोकांच्या तोंडाकडे बघून बोलते. मला ती आवडते. खुर्चीवर ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि ओठ मिटून काय घोकत होती ते मला दिसत होतं. आत हे आणि ह्यांचे तेच मित्र, आता पोट सुटलेले. मी शेवटी गेले. दार उघडलं, दाराला पाठ लावली.

"काकू, या ना आत," ती म्हणाली.

"येते. आधी या सगळ्यांना येऊ दे."

आमच्या ह्यांनी मान वर केली. "काय चाललंय तुझं?"

"काकूले आबा लागना वाटतं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. तोच हशा, तेच सभागृह. मी पुरेसा वेळ दार धरून उभी राहिले. मग दाराशी, चपलांजवळ, अंग चोरून बसले.

नव्या भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, कोरम?"

तिनं नजर फिरवली. तोंडं मोजली, पटकन संपली. ओठ उघडले.

"थांब, सूनबाई," मी म्हणाले. उभी राहिले. या सभागृहात मी आपणहून कधी बोलले नव्हते. "सोलरच्या वेळी मी तुझ्या जागी होते. त्या दिवशी कोरम भरला होता. मी मोजलं होतं. तहकूब म्हणाले ते खोटं म्हणाले."

कुणी हसलं नाही. हे उठायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांच्या शेजारी सतरंजी रिकामी होती, पण त्यांनी हात टेकला नाही तिथे.

"कोण होतं, काकू?" तिनं विचारलं. हळू.

"तोंडं मोजू नको. डोक्यावरून घे, आणि खाली बघून मोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, वेळ होतोय." तिनं खांद्यावरची ओढणी उचलली, डोक्यावरून घेतली, पार नाकापर्यंत ओढली. तिचं तोंड दिसेनासं झालं. मांडीवरचा हात दिसत होता.

त्या हाताचं एक बोट हललं. मग थांबलं. मग पेरामागून पेर मोजत, सावकाश, हलायला लागलं. बाहेर वडाखाली कुणीतरी डाव जिंकल्याचा ओरडा झाला. भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं, "किती, मॅडम?"

बोट हलतच होतं.